मालाच्या लिफ्टमधला आवाज

गाणं संपलं तसे काकूंनी कानावरचे हेडफोन काढले, नीट घडी घातल्यासारखे टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "छान आहे. पण ही माझी मुलगी नाही."

रेकॉर्ड कंपनीच्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. "काकू, आवाज तिचाच आहे हो. तिची सगळी जुनी गाणी संगणकाला ऐकवली आणि त्यावरून त्याने हे गाणं तिच्या आवाजात..."

"ते कळलं मला. पण इतकं चांगलं ती कधी गायलीच नाही. एकदा तरी सूर हलायला नको?"

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला गादी फिसकन हसला आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. बँडचा ड्रमर तो. त्याच्या वडिलांचा गाद्यांचा कारखाना, म्हणून नाव गादी. लांबलचक हातांचा गिटारवाला तो लांब्या, आणि बेस वाजवणारा, वर्षाकाठी जेमतेम एखादं वाक्य बोलणारा, तो मुनी. बँडचं नाव 'आवरा', कारण तालीम सुरू झाली की चारी बाजूंनी हाच एक शब्द ऐकू यायचा. आणि गाणारी ती भोंगा. हे नाव तिला खुद्द काकूंनी ठेवलं होतं, ती पाळण्यात असताना.

दोन अल्बम काढून, तिसऱ्याची तयारी चालू असताना भोंगा आजारी पडली आणि बघता बघता गेली. त्याला आता वीसेक वर्षं झाली. ती पंचविशीतच राहिली आणि हे तिघं पन्नाशीला टेकले. गादी वडिलांचा कारखाना सांभाळू लागला, लांब्या गिटार शिकवू लागला, मुनी काय करतो ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पण लोक काही तिला विसरले नाहीत. तेव्हा जन्मलेलीसुद्धा नसतील अशी पोरं तिचं चित्र अंगावर मिरवत फिरत होती. म्हणून कंपनीने ठरवलं, की तिची राहिलेली, कधी बाहेर न आलेली गाणी गोळा करायची आणि तिच्या आठवणीसाठी अल्बम काढायचा.

गोळा झालं ते असं: दोन अर्धवट गाणी, जुन्या गाण्यांची वेगळी रूपं, रेडिओवरची एक मुलाखत. सगळं ठीक. पण लोकांना हवं होतं ते एकच गाणं, 'मी अजून बोलतेय'. तिने ते शेवटच्या कार्यक्रमात एकदाच म्हटलं होतं. तिथल्या कुणीतरी गर्दीत उभं राहून ते टेप केलं होतं, पण त्यात ती कमी आणि शेजारचा एक उत्साही माणूस जास्त गातो. त्या माणसाला सूर नव्हता आणि लाजही नव्हती. त्यावरून चाल तेवढी कळत होती. उरलेलं काम मग यंत्राने केलं.

"बघा, जबरदस्ती नाही," कंपनीच्या बाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या खोलीत एकेकाळी भिंतभर भोंगा होती, आणि हे सांगताना त्या लाजल्याही होत्या. "तुमच्या होकाराशिवाय एक सूरही बाहेर जाणार नाही. पण अल्बम आता छपाईला जायचाय. हे गाणं नसेल तर लोक विचारतील, ते कुठंय? या आठवड्यात सांगा."

काकूंनी हातातल्या पिशवीचा बंद पिळला. मग थकल्या आवाजात म्हणाल्या, "लोकांना काहीतरी ऐकायला मिळेल ना? अगदी काहीच नसण्यापेक्षा... घ्या मग."

गादीला पुढचं सगळं दिसलं. आज काकूंनी हो म्हटलं, की हे गुळगुळीत गाणं जन्मभर भोंगाच्या नावावर चढणार. पुढच्या पोरांना वाटणार, अशीच गायची ती. दात घासून, भांग पाडून.

"काकू, हो म्हणू नका," तो उठून उभाच राहिला. "आठवडा आहे ना हातात? मी शोधतो."

"कुठे शोधणार आहेस रे?"

ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण उभं राहिल्यावर आता खाली बसायची सोय नव्हती.

---

बँडची तालीम कारखान्याच्या तळमजल्यावर चालायची. जागा फुकट, पण सगळीकडे गाद्यांच्या थप्प्या आणि कापसाची पोती. तिथे आवाज मरतो, अशी भोंगाची कायमची तक्रार. "मी गातेय आणि तुमच्या गाद्या गिळतायत," म्हणायची. तिने मग स्वतःची जागा स्वतःच शोधली होती. हॉलच्या टोकाला माल चढवायची जुनी लोखंडी लिफ्ट होती. तिच्या सरकत्या दाराला आणि पत्र्याच्या भिंतींना आवाज भिडला की असा काही घुमायचा, की वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बायका मशिनं थांबवून शिव्या द्यायच्या. भोंगा दार उघडं ठेवून लिफ्टमध्ये उभी राहायची आणि तिथूनच गायची. माइकची वायर तिथवर पोचायची नाही. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तालमीत माइक लागतो कशाला, तिचा सवाल.

त्यामुळे तालमींच्या कॅसेटी असूनही त्यांत तिचा आवाज नव्हता. लांब्याने माळा उपसला, मुनीने मान हलवली. गादी घरी आला, हात धुतले आणि जेवायला बसला, आणि पहिला घास तोंडात असतानाच त्याला आठवलं.

त्याच्या स्वतःच्या कॅसेटी!

भोंगाचं आणि त्याचं एकच भांडण होतं, ते म्हणजे तो घाईत वाजवतो. "गाडी सुटतेय का तुझी?" ती सगळ्यांदेखत विचारायची. गादी चिडायचा, आणि आपण घाई करत नाही हे सिद्ध करायला त्याने ड्रमवर दोन माइक टांगले होते. प्रत्येक तालमीत फक्त स्वतःचे ड्रम टेप करायचे, घरी जाऊन ऐकायचे. ऐकल्यावर कळायचं की ती म्हणते ते खरं आहे, मग तो आणखी चिडायचा. त्या कॅसेटी कंपनीने मागितल्याच नव्हत्या. ड्रमचा नुसता दणदणाट कोण ऐकणार? त्याने स्वतःसुद्धा त्या कधी कुणाला दाखवण्यासारख्या मानल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जुना टेपरेकॉर्डर कारखान्यातल्या कापायच्या टेबलावर मांडला आणि खोकं उघडलं. दणदणाट. दुसरी कॅसेट, दणदणाट. ड्रमच्या मागे खूप लांबून भोंगा ऐकू यायची, पण बंद खिडकीबाहेरच्या डासासारखी. दुपारपर्यंत त्याचे कान बधिर झाले आणि उमेद मावळत चालली. वडील गल्ल्यावरून सारखे डोकावत होते. वय झालं होतं, तरी कारखान्यात येऊन बसल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"तेव्हाही ऐकवत नव्हतं, आताही ऐकवत नाही," ते म्हणाले.

"बाबा, जरा थांबा ना."

तळाच्या एका कॅसेटवर त्याच्याच अक्षरात 'वाया' लिहिलेलं होतं. त्याने ती घातली. ड्रम जवळजवळ नव्हतेच. कुणी लांबच्या गच्चीवर सतरंजी झटकावी तसं धप्प, धप्प येत होतं. गादीला काही उलगडेना. आणि मग भोंगा गायला लागली.

लांबून नव्हे. डासासारखी तर नव्हेच. ती तिथे होती, लिफ्टच्या लोखंडासकट. 'मी अजून बोलतेय', पहिल्या ओळीपासून.

त्याला तो दिवस लख्ख आठवला. बाबांचं एका मोठ्या हॉटेलशी फोनवर बोलणं चाललं होतं, शंभरेक गाद्यांचं काम मिळेल न मिळेल अशी वेळ, आणि त्यांनी बजावलं होतं, "ड्रमला हात लावलास तर याद राख." गाण्याबद्दल ते काही बोलले नव्हते. तेव्हा गादीने अख्ख्या ड्रमवर दुलया टाकल्या आणि दुलईवरूनच वाजवलं. टेपवर काही उमटेना म्हणून दोन्ही माइकांचा आवाज चढवता येईल तितका चढवला. इतका, की हॉलच्या टोकाचं कुणी शिंकलं तरी पकडलं जावं. घरी जाऊन ऐकलं, ड्रम नाहीत म्हणून कपाळावर हात मारला, वर 'वाया' लिहिलं आणि कॅसेट खोक्यात टाकली. गाणाऱ्या बाईकडे त्याचं लक्षच नव्हतं! ड्रमरची जातच तशी.

गाणं संपताच त्याने खटकन बटण दाबलं, कॅसेट खिशात घातली, टेपरेकॉर्डर काखोटीला मारला आणि पळत सुटला. "काय झालं?" बाबा ओरडले. त्याने पळता पळताच सांगितलं. बाबा क्षणभर विचारात पडले आणि मागून ओरडले, "म्हणजे माझ्यामुळे वाचलं की गाणं!"

---

काकू कपडे वाळत घालत होत्या. गादीने धापा टाकत टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला, प्लग लावला आणि कॅसेट सुरू केली.

पहिल्या ओळीला काकूंनी ओल्या हातांनी ओट्याची कड धरली. दुसऱ्या कडव्यात भोंगा वरच्या सुरावर चढायला गेली आणि घसरली. चांगलीच घसरली. घसरल्यावर स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली आणि जणू काही झालंच नाही अशी पुढची ओळ उचलली.

"चुकली!" काकू आनंदाने किंचाळल्या. "बघ, बघ, चुकली! ही माझी पोरगी! आणि जीभ बघ कशी चालतेय भवानीची!" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. गादीही रडत होता, आणि त्याला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

काकूंनी गाणं पुन्हा लावायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग पदराला हात पुसले आणि स्वतःच कंपनीच्या बाईंना फोन लावला. "ते यंत्राचं गाणं राहू द्या. आमची मुलगी सापडलीय."

---

पण एवढ्याने भागलं नाही. स्टुडिओत साउंडवाल्याने कॅसेट ऐकली आणि तोंड वाकडं केलं. जुनी टेप, सतत खरखर, खाली दुलयांचं धपधप. त्याने संगणकावर घासूनपुसून आवाज वेगळा काढला. खरखर गेली, पण भोंगाही अर्धी गेली. डब्यात तोंड घालून कुणी गावं तशी ती आता ऐकू येत होती.

कंपनीच्या बाईंचे डोळे ओले होते, पण त्यांना कामही कळत होतं. "मला ती हवीच आहे," त्या म्हणाल्या. "पण हे पूर्ण गाणं म्हणून देता येणार नाही. शेवटी आठवण म्हणून थोडंसं घेऊ. मुख्य गाणं मग..."

काकूंचा चेहरा उतरला. पुन्हा तीच गोष्ट आली. यंत्राची भोंगा पुढे आणि खरी भोंगा तळटीप.

गादी डोळे मिटून ऐकत होता. काय गेलंय या आवाजातून? सूर आहेत, शब्द आहेत, शिवीसुद्धा आहे. गेलंय ते लोखंड.

"साहेब," तो साउंडवाल्याला म्हणाला, "तिला परत लिफ्टमध्ये उभं केलं तर?"

"कुणाला?"

"तिच्या आवाजाला. एक चांगला स्पीकर घ्या, लिफ्टमध्ये ठेवा, दार उघडं. हा पुसलेला आवाज त्यातून सोडा आणि बाहेर माइक लावून परत टेप करा. लिफ्ट तीच आहे. पत्रा तोच. आणि आम्ही तिघं हॉलमध्ये, तेव्हा वाजवायचो तसेच. माझे ड्रम बरोबर त्या जुन्या धपधपीवर पडले, की ती धपधप ऐकूच येणार नाही."

 साउंडवाला खुर्ची मागे सारून उठला. "गाडी काढा," तो म्हणाला. त्याचं वाकडं तोंड कुठल्या कुठे पळालं होतं.

"जमेल?" कंपनीच्या बाईंनी विचारलं.

मुनीने घसा साफ केला. सगळे वळले. "ती गातेय म्हटल्यावर," मुनी म्हणाला, "जमवावंच लागेल." या वर्षीचं त्याचं वाक्य झालं.

---

हॉलमधल्या गाद्यांच्या थप्प्या भिंतीकडे सारल्या. लिफ्ट तळाला आणून दार सरकवलं, आत भोंगाच्या उंचीच्या स्टुलावर स्पीकर ठेवला. काकूंना एका नव्या कोऱ्या गादीवर बसवलं. त्यांच्या शेजारी बाबा बसले आणि हॉटेलच्या फोनची गोष्ट त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले. शिवणाऱ्या बायका जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. त्यांतल्या थोरल्या बाईंनी भोंगाला प्रत्यक्ष शिव्या दिलेल्या होत्या, आणि ते त्या आता मोठ्या मानाने सांगत होत्या.

साउंडवाल्याने बोट वर केलं.

लिफ्टमधून भोंगा गायला लागली. पत्रा थरारला. डब्यातली ती बारीक बाई लोखंडाला भिडली आणि अंग धरून बाहेर आली. छाती, घसा, खरखरीत कडा, सगळं जिथल्या तिथे. तिघं वाजवायला लागले.

सूर जुळले, ताल जुळला. गादीचे ठोके जुन्या ठोक्यांवर नेमके पडत होते. एकही चूक झाली नाही. आणि तरी गाणं उभं राहत नव्हतं. गादीला ते वाजवतानाच कळत होतं. तिघंही जपून वाजवत होते, अंगावर झोपलेलं मूल असावं तसे. आपल्या आवाजाखाली ती दबेल, हीच धास्ती. तिला एकदा गमावलं होतं, आता पुन्हा कोण गमावणार?

गाणं संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. कंपनीच्या बाई काकूंकडे बघत होत्या, काकू लिफ्टकडे. साउंडवाला यंत्र बंद करायला वाकला. तेवढ्यात लिफ्टमधून आवाज आला.

"काय रे गादी, झोपलास का?"

हॉल जागच्या जागी गोठला. गादीने ती कॅसेट दर वेळी गाणं संपताक्षणी बंद केली होती. टेपवरचं हे बोलणं त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"दुलई काढ ती! बाबांचा फोन झाला असेल तर दणकून वाजव ना जरा. माझी काळजी नको करूस, मी ऐकू येते. चल, परत घे."

तिथे टेप संपली.

"सॉरी," साउंडवाला पुटपुटला, "शेवटचं कापायचं राहिलं माझं."

कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. लांब्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मुनी भिंतीकडे तोंड करून उभा होता. गादीने काड्या उचलल्या.

"हो, हो, घेतो," तो लिफ्टकडे बघून म्हणाला. "पहिल्यापासून लावा, साहेब. आणि मध्ये कुठे थांबवू नका."

आणि मग काय वाजवलं त्यांनी! गादीने ड्रमवर असा हात टाकला, की थप्प्यांवरच्या गाद्यांतून धूळ उडाली. लांब्याची गिटार गुरगुरत उठली, मुनीचा बेस पायातून पोटात चढला. आणि भोंगा? ती कशाला दबतेय! जितकं ते वाजवत गेले, तितकी ती त्यांच्यावर चढून गात गेली. सूर घसरला तिथे जिन्यावरच्या बायकांनी आरोळी ठोकली, शिवी आली तिथे काकूंनी टाळी वाजवली. बाबांनी कानावर हात ठेवले होते आणि मान तालात हलत होती. कंपनीच्या बाई आपण कंपनीच्या आहोत हे साफ विसरून, पंधरा वर्षांची पोर असल्यासारख्या नाचत होत्या. शेवटच्या ठोक्यानंतर लिफ्टचं लोखंड कितीतरी वेळ वाजत राहिलं.

"झालं," साउंडवाला म्हणाला. "हेच."

अल्बम निघाला तेव्हा त्याचं नावही 'मी अजून बोलतेय' ठेवलं. गाणं दुकानांतून, गाड्यांतून, पोरांच्या खोल्यांतून इतकं वाजलं, की गादीला शेजाऱ्यांनी पुन्हा एकदा आवरा म्हटलं, आणि त्याला ते सन्मानपत्रासारखं वाटलं. यंत्राने केलेलं गाणं कुठे गेलं ते कुणी विचारलं नाही.

छपाईला जाण्याआधी कंपनीच्या बाईंनी शेवटचं एकदा सगळं काकूंना ऐकवलं होतं. गाण्याच्या अगोदर भोंगाचं ते "परत घे" ठेवलं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ, वीस वर्षांनी म्हातारा झालेला गादीचा घाईघाईचा "हो, हो, घेतो."

"हा गादीचा आवाज मध्येच येतो," बाई म्हणाल्या. "काढून टाकू का?"

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "तिने हाक मारलीय. उत्तर नको का द्यायला?"